मापवहीतले नंबर

आमच्या कॉलेजचा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. पुढे अहवाल संगणकावर गेला, अक्षराचा काही संबंध उरला नाही, तरी काम माझ्याच गळ्यात राहिलं. कॉलेज म्हणजे विश्रांतवाडीतली, एका जुन्या ट्रस्टची औद्योगिक प्रशिक्षण संस्था. फिटर, वायरमन आणि शिवणकामाच्या दोन तुकड्या. शिवणकामाची प्रमुख मी. पंचवीस वर्षं मुलींना कापायला-शिवायला शिकवते आहे, आणि दर वर्षी अहवालाच्या शेवटी 'संस्थेची प्रगती समाधानकारक आहे' असं लिहिते आहे. ते वाक्य कुणी वाचत नसे, त्यामुळे ते खरं की खोटं हा प्रश्नही कुणाला पडत नसे.

मग अनुदानाचं धोरण बदललं. पूर्वी सरकार शिक्षकांच्या पगाराइतके पैसे द्यायचं. मुली शिकून पुढे काय करतात याची चौकशी कुणी करत नसे. आता ठरलं की पैसे निकालावर मिळणार. निकाल म्हणजे परीक्षेचा नव्हे, तर मागच्या पाच वर्षांत शिकून बाहेर पडलेल्यांपैकी कितीजणी आज कमावत्या आहेत, त्याचा. त्यावरून प्रत्येक तुकडीला अ, ब, क, ड अशी श्रेणी. 'ड' आली की तुकडी बंद. आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी जमाखर्चाचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "बाई, अनुदान थांबलं तर दुसऱ्या तुकडीचा पगार ट्रस्ट देणार नाही. विजेचं बिल भरतोय हेच उपकार समजा."

दुसऱ्या तुकडीला शिकवणारी निदेशिका कंत्राटी होती. नवरा रिक्षा चालवायचा, मुलगी बालवाडीत. दर मे महिन्यात तिचं कंत्राट नव्यानं व्हायचं आणि दर मे महिन्यात ती मला विचारायची, "मॅडम, होईल ना यंदा?" मी म्हणायची, "न व्हायला काय झालं?" ती हसायची आणि मशीनला तेल घालायला जायची. तिच्याइतकी मशीन स्वच्छ ठेवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. फक्त एक, पण तिच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे.

रोजगाराचा रकाना भरायला मी बसले तेव्हा माझी खरी फजिती झाली. प्रवेश अर्जावरचे नंबर काढून एकेक फिरवायला लागले. अर्जावर पालकाचा नंबर असतो. कुठे वडिलांचा, कुठे सासऱ्यांचा, कुठे मामाचा. वडील म्हणायचे, तिचं लग्न झालं, आता तिला कशाला त्रास देता. सासरे फोन ठेवून द्यायचे. अर्धे नंबर बंदच. ज्या थोड्या मुली सापडल्या त्या घरी बसून ब्लाऊज शिवत होत्या आणि बऱ्यापैकी कमावत होत्या, पण ही माहिती भरायच्या सरकारी पोर्टलला कागद हवा होता. नेमणुकीचं पत्र नाही तर दुकानाची नोंदणी. परकर-पोलकी शिवून घर चालवणारी बाई सरकारच्या लेखी बेरोजगार. मी एकेका नावापुढे 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहीत गेले. लिहून लिहून ते वाक्यही 'समाधानकारक'सारखं हाताला बसलं.

आता तिच्याबद्दल.

ती आमच्याकडे निदेशिका म्हणून आली तेव्हा माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान होती. वाघोलीची सून. सासरी शेती, माहेरीही शेती. हुशार होती, हात चालता होता, पण बोलायला लागली की 'हाय' आणि 'न्हाय'. मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. वडील कारखान्यात कामगार होते, पण शुद्ध बोलण्याबद्दल त्यांचा मोठा कटाक्ष होता. 'आपल्याला कुणी भाषेवरून नाव ठेवता कामा नये' असं ते म्हणायचे. तो कटाक्ष मी वारशात घेतला आणि तिच्यावर चालवला. भर वर्गात, मुलींदेखत मी तिला म्हणायची, "हाय नव्हे, आहे." ती हसून म्हणायची, "आहे, ताई, आहे." मला तेव्हा वाटायचं की मी तिला घडवते आहे.

आमच्या शिवणकामात माझी एक पद्धत होती, अजून आहे. पहिला महिनाभर मुलीला मशीनला हात लावू द्यायचा नाही. जोड्या लावायच्या, एकमेकींची मापं घ्यायची आणि मापवहीत लिहायची, अगदी शिंपी गिऱ्हाइकाचं लिहितो तशी. नाव, फोन नंबर, छाती, कंबर, बाही, गळा, द्यायची तारीख. नंबर गिऱ्हाइकाचा स्वतःचाच लिहायचा यावर मी हटून बसायची. एकदा एका मुलीनं आपल्या जोडीदारणीच्या सासऱ्यांचा नंबर लिहिला तेव्हा मी तिला उभं केलं होतं. "ब्लाऊज तयार झाला की सासऱ्यांना फोन करणार का? 'बाबा, गळा जरा मोठा झालाय' म्हणून?" वर्ग खो खो हसला. मापवहीचं पहिलं पान नमुन्याचं असायचं. त्यावर माझी मापं आणि माझा नंबर, मुलींनी तसं उतरवायचं. वर्ष संपलं की मी त्या वहीला तपकिरी कागदाचं कव्हर घालून वर वळणदार अक्षरात साल लिहायची आणि वही कपाटात जायची. पंचवीस वर्षांत त्या कपाटातली वही मी परत उघडली नाही.

तीन वर्षांपूर्वी ती आम्हाला सोडून वाघोलीच्या एका नव्या कॉलेजात गेली. शेवटच्या दिवशी आम्ही दोघींनी कपाट आवरलं. मापवह्यांचा गठ्ठा बाहेर निघाला तेव्हा ती म्हणाली, "ताई, या शेवटच्या काही मी नेऊ का?"

"ने की," मी म्हटलं. "आमच्याकडे रद्दीच आहे. तिकडे भेळवाल्याला तरी उपयोगी पडेल."

तिनं त्या वह्या साडीच्या घडीसारख्या नीट पिशवीत भरल्या आणि माझ्या पाया पडली. मला तिचं जाणं तेव्हाच लागलं होतं, पण ते हसण्यावारी नेलं.

दोन वर्षांत ती प्राचार्य झाली. हे मला तिच्याकडून नाही, फोनवर तिनं लावलेल्या फोटोवरून कळलं. काचेचं टेबल, मागे भिंतीवर सन्मानचिन्हं, टेबलावर तिच्या नावाची पाटी. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. साडीची किनार नीट बसली आहे का ते पाहिलं. बसली होती. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते तेव्हापासून. मी पंचवीस वर्षं शिवणकामाची प्रमुख, आणि माझं टेबल म्हणजे कापायच्या टेबलाचं एक टोक. तिथे डबा ठेवायचा असला तर आधी कात्री बाजूला करावी लागते.

मी स्वतःची समजूत काढायची. वाघोलीत त्यांची जमीन, जमिनीला भाव आला, नगर रोडला टॉवर उभे राहिले. पैसा असला की माणसाला सगळं जमतं. आता ते कॉलेज काही तिच्या जमिनीवर नव्हतं आणि तिला आमच्यासारखा महिन्याचा पगारच मिळत होता. पण हेव्याला सातबारा लागत नाही. तिनं गाडी घेतली तेव्हा मी घरी म्हटलं, "हप्त्यावर असेल." नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "मग रोखीनं कोण घेतं?" त्या दिवशी मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही.

फेब्रुवारीत तिचे तीन फोन आले, एका आठवड्यात. पहिला आला तेव्हा मी वर्गात होते. दुसरा आला तेव्हा घरी मेथी निवडत बसले होते आणि फोन हाताशीच होता. स्क्रीनवर तिचं नाव थरथरत राहिलं, मी काडी मोडत राहिले. तिसरा बसमध्ये आला, शेजारची बाई म्हणाली, "तुमचा वाजतोय," मी म्हटलं, "वाजू दे." मग तिचा मेसेज आला. वरवर दिसणारी पहिली ओळ तेवढी मी वाचली. 'ताई, एक आनंदाची बातमी आहे...' पुढचं वाचायला मेसेज उघडावा लागला असता. नवीन बंगला, नवीन पुरस्कार, मुलाची कसली तरी ॲडमिशन. काहीही असू शकत होतं आणि त्यातलं काहीही मला ऐकायचं नव्हतं. दुसऱ्याची आनंदाची बातमी ऐकायला मन मोठं लागतं आणि त्या आठवड्यात माझं नव्हतं. फोनमध्ये एखाद्याचं नाव यादीतून बाजूला काढून ठेवायची सोय असते. ती मी वापरली.

एप्रिलमध्ये श्रेण्या जाहीर करायला सगळ्या संस्थांना शिवाजीनगरच्या कार्यालयात बोलावलं. पडद्यावर याद्या. तिच्या कॉलेजला 'अ'. आमच्या पहिल्या तुकडीला 'क', दुसरीला 'ड'. अधिकाऱ्यांनी तिला पुढे बोलावून दोन शब्द बोलायला सांगितलं. ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली आणि स्वच्छ, पुस्तकासारखं बोलली. एक 'हाय' नाही की एक 'न्हाय' नाही. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी वाट पाहत होते. साहेब म्हणाले, "बाकीच्या संस्थांनी यांच्याकडून शिकावं." माझ्या शेजारी बसलेल्या फिटरच्या शिक्षकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "या तुमच्याकडेच होत्या ना हो?" पुण्यात असे प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारत नाहीत.

चहाच्या वेळी ती गर्दीतून थेट माझ्याकडे आली. "ताई!"

"अभिनंदन, मॅडम," मी म्हटलं. "आपण आता फार मोठ्या झालात." पंधरा वर्षं जिला मी अगं-तुगं केलं तिला 'आपण' म्हणताना जिभेला जी गोडी वाटली, ती चांगल्या माणसाची नव्हती.

तिचा चेहरा पडला. "ताई, मी तेव्हा फोन..."

"कामात होते," मी म्हटलं आणि बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

चहानंतर परस्पर तपासणीच्या चिठ्ठ्या निघाल्या. एका संस्थेनं दुसरीचे दावे तपासायचे, नवीन धोरणातला हा एक प्रकार. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. माझ्या हाताला आली वाघोलीची. नियम असा होता की अनुदानाची एकूण रक्कम ठरलेली; वरच्या कुणाचा दावा खोटा निघाला तर तेवढी जागा मोकळी होते आणि 'ड'मधल्या तुकड्यांचा फेरविचार होतो. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. खरं सांगते, मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की उरलेला वडा मी चवीनं खाल्ला.

आमच्या कंत्राटी निदेशिकेला मी सगळं सांगितलं. ती एवढ्या झपाट्यानं वर येते म्हणजे कुठे तरी पाणी मुरत असणार, हेही सांगितलं. तपासणीच्या सकाळी मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. "मॅडम, नीट बघा हं सगळं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मुलीला यंदा पहिलीत घालायचंय." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बस पकडली.

नगर रोडला खराडीच्या पुढे बस गोगलगाईच्या चालीनं जाते. तेवढ्या वेळात मी तिची सगळी लबाडी मनात शोधून ठेवली होती. खोटी पत्रं असणार. नातेवाइकांची दुकानं दाखवली असणार. कॉलेज प्रत्यक्षात चारचौघांसारखंच निघालं. फरशी स्वच्छ होती, मशीनवर टोप्या होत्या. तिनं मला तिच्या खुर्चीशेजारी बसवलं, पाणी दिलं आणि रोजगाराची यादी पुढे ठेवली. "तुम्ही निवांत बघा, ताई. मी वर्गावर जाऊन येते."

मी यादी वरून खाली वाचत गेले आणि अर्ध्यावर थांबले. ओळखीचं नाव. आणखी दोन ओळी खाली दुसरं. शेवटपर्यंत वाचून परत पहिल्यापासून मोजलं. चौदा बायका माझ्या होत्या. आमच्या कॉलेजात वर्षभर शिकलेल्या, मी ज्यांच्या हातात पहिल्यांदा कात्री दिली अशा. बहुतेक दुसऱ्या तुकडीच्या. मी ज्यांच्यापुढे 'संपर्क होऊ शकला नाही' लिहिलं होतं त्या इथे तिच्या यादीत बसून कमावत होत्या, प्रत्येकीच्या नावापुढे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याचं नेमणूक पत्र. आयत्या बिळावर नागोबा! मी शिकवायचं आणि हिनं मोजायचं. माझी कानशिलं तापली. तपासणीच्या फॉर्मवर शेऱ्याची जागा असते. मी पेन काढलं आणि माझ्या त्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात लिहिलं: 'यादीतील चौदा प्रशिक्षणार्थी मूळच्या अन्य संस्थेच्या आहेत. दावा ग्राह्य धरू नये.' लिहून झाल्यावर हात हलका वाटला.

फॉर्मच्या नियमाप्रमाणे यादीतल्या एखादीला तरी फोन करून खात्री करायची होती. मी पहिला नंबर फिरवला.

"कोण बोलतंय?" मागे मशीनचा आवाज होता.

मी माझं नाव आणि कॉलेज सांगितलं.

"अय्या, मॅडम!" ती ओरडलीच. "अहो मॅडम, किती वर्षांनी! मी इथं कॉलर लावते आता, दिवसाला किती निघतात माहितीये? तुम्ही शिकवलं ना, गळ्याला आधी कच्चा टाका घाल म्हणून, मी अजून घालते, बाकीच्या हसतात मला."

मी विचारलं, "वाघोलीला कशी गेलीस तू?"

"या मॅडमनी फोन केला ना. तीन महिन्यांचा कोर्स आहे, मोठ्या मशीनचा, करतेस का म्हणाल्या. मी दोन वर्षं घरीच बसले होते. मला वाटायचं तुम्ही तरी फोन कराल एखादा."

"केला होता गं. तुझ्या अर्जावरच्या नंबरवर."

"तो बाबांचा होता, मॅडम. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली."

मी फोन ठेवला. ती वर्गावरून परत आली होती आणि दारात उभी होती. तिनं फॉर्म पाहिला असावा, पण नजर वर केली नाही.

"माझ्या बायका तुला सापडल्या कशा?" मी विचारलं. आवाज चढला होता.

ती काचेच्या कपाटाशी गेली आणि दार सरकवलं. वरच्या फळीवर तपकिरी कव्हरच्या मापवह्या एका ओळीत उभ्या होत्या, सालवार. सालं माझ्या अक्षरात.

"यात प्रत्येकीचा स्वतःचा नंबर हाय," ती म्हणाली. 'हाय' म्हणाली आणि तिनं ते सुधारलं नाही. "तुम्हीच लिहायला लावायचा. लग्न झालं तरी बाया आपला नंबर बदलत न्हाईत, ताई. मी एकेकीला फोन केला. निम्म्याहून जास्त लागले."

भेळवाल्याला. मी म्हटलेलं मला आठवलं, आणि तिलाही आठवत असणार.

"पण मोजल्यास तू," मी हट्ट सोडला नाही. "शिकवल्या आम्ही आणि मोजल्यास तू."

"नियम वाचला न्हाई का तुम्ही?" तिनं परिपत्रक काढून माझ्यापुढे धरलं. हेच परिपत्रक माझ्याही फाइलमध्ये होतं, पण मागची पानं मी उलटली नव्हती. पहिल्या संस्थेनं लेखी संमती दिली तर अशी बाई दोन्ही संस्थांकडे मोजली जाते. संमती दिली नाही तर फक्त दुसरीकडे. मुदत मार्चअखेर. "म्हणून तर फेब्रुवारीत फोन करत होते. तीनदा केला. मेसेज टाकला. नुसती तुमची सही लागत होती. तुमची दुसरी तुकडी त्या चौदाजणींत वर आली असती."

"कॉलेजला पत्र का नाही पाठवलंस?"

"पत्र तुमच्या अध्यक्षांच्या टेबलावर गेलं असतं. तुमच्या मुली दुसरीकडं कशा गेल्या म्हणून ते तुम्हालाच बोलले असते. म्हटलं आधी ताईंच्या कानावर घालावं. मग मार्च संपला. मला वाटलं, तुम्ही रागावलात, तुम्हाला नकोच असंल."

मी पर्समधून फोन काढला. तिचं नाव शोधायलाही वेळ लागला, कारण मीच ते बाजूला टाकलं होतं. मेसेज उघडला. 'ताई, एक आनंदाची बातमी आहे. तुमच्या चौदाजणी लागल्या कामाला. तुमची एक सही हवी, दोघींच्या कॉलेजला मोजतात. कधी येऊ?'

मला तिच्या पाया पडावंसंही वाटलं आणि तिनं मार्चअखेर माझ्या दारात येऊन का उभं राहू नये म्हणून तिचा रागही आला. चूक माझी असताना राग तिचा येत होता. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात तो असा. पोर्टल केव्हाच बंद झालं होतं. आमची तुकडी वाचायचा आता एकच रस्ता उरला होता, तो म्हणजे समोरचा फॉर्म, आणि त्यावर माझा शेरा लिहून तयार होता. तो तसाच गेला असता तर तिची चौकशी लागली असती. चौकशीत ती शेवटी खरी ठरली असती, पण तोवर महिने गेले असते आणि त्या महिन्यांत आमचा फेरविचार झालाही असता. फाटकात उभी राहिलेली ती निदेशिका मला दिसत होती.

तिनं कपाट लावलं, कापडाच्या घड्या उगाच सारख्या केल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी शेऱ्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'दावा तपासला. त्रुटी आढळली नाही.' सरकारी कागदावर खाडाखोड केली की तिथे वेगळी सही करावी लागते. मी खोडलेल्या ओळीशेजारी सही केली आणि खाली परत एकदा केली. हे मी चांगुलपणानं केलं असं मला म्हणता येत नाही. त्या चौदाजणी खरंच कामावर होत्या आणि मी फोन करून ते ऐकलं होतं, म्हणून केलं. कापड एकदा चुकीचं कापल्यावर दुसऱ्याचं कापड फाडून आपलं जुळत नाही, एवढं तरी मला माझ्या धंद्यानं शिकवलं आहे.

फॉर्म परत देताना तिला खोडलेलं दिसलं. तिनं तो फाइलला लावला आणि विचारलं, "ताई, पोहे केलेत, बरोबर चहा टाकू का?" मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते.

मे महिन्यात दुसरी तुकडी बंद झाल्याचं पत्र आलं. मी आमच्या निदेशिकेला बोलावलं. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तिला धोरणाबद्दल सांगितलं, सरकारला बायकांच्या कामाची किंमत नाही असं सांगितलं, अध्यक्षांच्या कंजूषपणाबद्दल सांगितलं. सगळं खरंच होतं. फक्त फोनचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, मॅडम." जायच्या आधी तिनं तिच्या आठही मशीनना तेल घातलं आणि टोप्या चढवल्या. मी कापायच्या टेबलाच्या टोकाशी बसून त्या वर्षाचा अहवाल लिहीत होते. शेवटी 'समाधानकारक' हे लिहायचं राहून गेलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जूनपासून मी एक केलं. एकाच तुकडीच्या का होईना, उरलेल्या मापवह्या काढल्या आणि रोज दुपारी तीन नंबर फिरवायला लागले. बायका सापडतात. तिनं सांगितलं होतं तसंच आहे, आणि दर वेळी फोन लागला की बाईशी बोलायच्या आनंदाआधी मला तेच आठवतं, की हे आधी तिला सुचलं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी मी असाच नंबर फिरवत असताना माझाच फोन वाजला. मेमध्ये गेलेली आमची कंत्राटी निदेशिका होती.

"मॅडम, मी लागले कामाला! वाघोलीच्या मॅडमनी बोलावून घेतलं. पर्मनंट नाही, पण पगार इथल्यापेक्षा... म्हणजे तुमच्याकडच्यापेक्षा बरा आहे." ती आनंदानं भरभर बोलत होती. मुलीची शाळा तिथेच जवळ मिळाली, नवऱ्याला खराडीचं भाडं मिळतं, मशीन नवीन आहेत. "आणि मॅडम स्वभावानं इतक्या चांगल्या आहेत ना!"

"हो," मी म्हटलं. "आहेत."

"त्या सांगत होत्या, फेब्रुवारीत त्यांनी तुम्हाला केवढे फोन केले आपल्या तुकडीसाठी. तुमचा फोन नेमका तेव्हाच बिघडला होता म्हणे. नाहीतर तुकडी वाचली असती. आपलं नशीब बघा ना, मॅडम."

वाघोलीची ती एका वाक्यात मला या बाईच्या नजरेतून कायमची उतरवू शकली असती, आणि तसं केलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. तिच्या जागी मी असते तर सांगून टाकलं असतं. हे तिला जमलं आणि मला जमलं नसतं, याचाही मला हेवा वाटला, आजवरच्या सगळ्या हेव्यांहून जास्त.

"हॅलो? मॅडम? तेव्हा बिघडला होता ना फोन?"

"हो गं," मी म्हटलं. "बिघडलाच होता."